अन्न अंगी लागावे म्हणून
(डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचे चरित्र)

पाठपरिचय

कोणाला शेंगदाणे चालत नाहीत, कोणाच्या अंगावर कोळंबी खाल्ल्याबरोबर गांधी उठतात, तर कोणाला गव्हाची पोळी सोसत नाही. अशा वेळी त्या माणसाला त्या पदार्थाचे वावडे आहे, असे आपण म्हणतो. काहींची स्थिती याहून कठीण असते. त्यांनी काहीही खाल्ले तरी ते अंगी लागत नाही आणि भरल्या ताटापुढे बसूनही त्यांचा देह झिजत जातो. अशाच एका रोगाने मद्रासमधील एका तरुणाचा भाऊ नेला आणि पुढे स्वतः त्या तरुणालाही गाठले. तो तरुण त्यातून वाचला. आपला भाऊ का वाचला नाही, या प्रश्नाने मात्र त्याची पाठ सोडली नाही. त्या प्रश्नाचे उत्तर शोधणाऱ्या शास्त्रज्ञाची ही जीवनकथा आहे.

बालपण आणि शिक्षण

येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा जन्म १२ जानेवारी १८९५ रोजी भीमवरम् येथे झाला. हे गाव आज आंध्र प्रदेशात आहे. त्या काळी ते मद्रास इलाख्यात मोडत असे. घर तेलुगू भाषिक होते आणि परिस्थिती बेताची होती. वडील जगन्नाथम् हे महसूल खात्यात नोकरीला होते. परंतु प्रकृती साथ देईना म्हणून त्यांना ती लवकर सोडावी लागली. संसाराचा भार आई वेंकम्मा यांच्यावर पडला. आपल्या मुलाने शिकून मोठे व्हावे, ही त्या माऊलीची एकच आकांक्षा होती.

मुलाचे मन मात्र अभ्यासात रमत नव्हते. वयाच्या तेराव्या वर्षी ते घरातून पळून निघाले. काशीला जावे, तेथे येणाऱ्या यात्रेकरूंना केळी विकावीत आणि भरपूर पैसा मिळवावा, असा त्यांचा बेत होता. वेंकम्मांनी त्यांना परत आणले आणि पुन्हा शाळेत बसवले. मॅट्रिकच्या परीक्षेत सुब्बाराव दोनदा नापास झाले. मध्यंतरी वडिलांचे छत्र हरपले. आईने अंगावरचे दागिने विकून मुलाला शिकण्यासाठी मद्रासला पाठवले. मद्रास म्हणजेच आजचे चेन्नई. तेथील तिरुवल्लिक्केणी भागातल्या हिंदू हायस्कूलमधून ते तिसऱ्या प्रयत्नात मॅट्रिक उत्तीर्ण झाले. परीक्षेतील अपयश हा माणसाच्या योग्यतेचा अंतिम निवाडा नसतो, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

मद्रासच्या समुद्रकिनाऱ्यासमोर उभ्या असलेल्या प्रेसिडेन्सी कॉलेजात त्यांचे पुढचे शिक्षण सुरू झाले. याच काळात रामकृष्ण मिशनच्या कार्याने त्यांच्या मनाची पकड घेतली. संन्यास घेऊन सेवेला वाहून घ्यावे, असे त्यांना वाटू लागले. परंतु आईने संमती दिली नाही आणि तिच्या संमतीवाचून मिशनने त्यांना स्वीकारले नाही. वैद्यक शिकलास तर लोकांची सेवा अधिक चांगली करशील, असा सल्ला त्यांना मिळाला. तो मानून त्यांनी मद्रास मेडिकल कॉलेजात प्रवेश घेतला. फीसाठी आणि पुस्तकांसाठी मित्रांनी हातभार लावला. कस्तुरी सूर्यनारायण मूर्ती या गृहस्थांनीही मदतीचा हात दिला. पुढे १९१९ मध्ये त्यांची कन्या शेषगिरी हिच्याशी सुब्बाराव यांचा विवाह झाला.

ते दिवस स्वातंत्र्य चळवळीचे होते. गांधीजींच्या आवाहनाला प्रतिसाद देऊन सुब्बाराव खादी वापरू लागले. शस्त्रक्रियेच्या वर्गातही ते खादीचाच अंगरखा घालून गेले. इंग्रज प्राध्यापकांना ते रुचले नाही. लेखी परीक्षेत चांगले यश मिळूनही त्यांना एम. बी. बी. एस. ऐवजी एल. एम. एस. ही खालच्या दर्जाची पदवी मिळाली. सरकारी वैद्यकीय सेवेचे दार त्यांच्यासाठी उघडले नाही.

घरात शिरलेला रोग

याच सुमारास येल्लाप्रगडा कुटुंबावर मोठा घाला पडला. थोरले बंधू पुरुषोत्तम हे संग्रहणीने आजारी पडले. इंग्रजीत या रोगाला स्प्रू म्हणतात. उष्ण प्रदेशात आढळणारा हा रोग त्या वेळी अत्यंत चिवट समजला जाई. रुग्णाला सतत जुलाब होतात. शौच फिकट, तेलकट आणि पुष्कळ होते. जीभ लाल होऊन सोलवटते, त्यामुळे तिखटमिठाचा घासही झोंबतो. वजन उतरते, रक्त पातळ होते, चार पावले चालताच धाप लागते. पुरुषोत्तम यांची अवस्था अशीच होत गेली. घरात एक भाऊ डॉक्टर होत होता; पण त्याने शिकलेल्या पुस्तकांत या रोगावर खात्रीचे औषध नव्हते. पुरुषोत्तम गेले.

काही काळाने सुब्बाराव यांनाही त्याच रोगाने गाठले. डॉ. आचंट लक्ष्मीपती हे मद्रासमधील नामवंत वैद्य होते. आधुनिक वैद्यकाचे शिक्षण घेऊन ते आयुर्वेदाकडे वळले होते. त्यांच्या उपचारांनी सुब्बाराव यांना गुण आला. बरे झाल्यावर लक्ष्मीपतींच्याच आयुर्वेद महाविद्यालयात ते शरीररचनाशास्त्र शिकवू लागले. आपल्याला ज्या औषधांनी जीवदान दिले, त्यांत नेमके कोणते द्रव्य काम करते, हे जाणण्याची त्यांना उत्कंठा लागली. ती शमवण्यासाठी लागणारी प्रयोगशाळा त्यांच्यापाशी नव्हती.

येथे थोडे थांबून या रोगाचे स्वरूप समजून घेतले पाहिजे, कारण अन्न सोसत नाही या एकाच तक्रारीमागे निरनिराळी कारणे असतात. पहिले कारण म्हणजे ॲलर्जी. शरीराची संरक्षण यंत्रणा रोगजंतूंशी लढण्यासाठी असते. ॲलर्जीमध्ये ती एखाद्या निरुपद्रवी अन्नालाच शत्रू समजते. शेंगदाणे, अंडे, दूध, मासे, कोळंबी यांसारख्या पदार्थांचा एखादा घासही मग पुरेसा होतो. काही मिनिटांतच अंगावर पित्त उठते, ओठ सुजतात, उलट्या होतात. क्वचित घसा सुजून श्वास कोंडतो, रक्तदाब एकदम उतरतो आणि प्राणावर बेतते. अशा आकस्मिक प्रतिक्रियेला शार्ल रिशे आणि पोल पोर्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९०२ मध्ये ॲनाफिलॅक्सिस हे नाव दिले. सुब्बाराव तेव्हा सात वर्षांचे होते. या संशोधनाबद्दल रिशे यांना १९१३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

दुसरे कारण म्हणजे सीलियाक नावाचा रोग. त्यात गहू, जव यांसारख्या धान्यांतील ग्लूटेन या प्रथिनामुळे शरीराची संरक्षण यंत्रणा आपल्याच आतड्याचे अस्तर दुखावते. हा त्रास एका क्षणात होत नाही; तो हळूहळू वाढतो. तिसरे कारण संग्रहणीचे. तिच्यात दोष कोणत्याही एका पदार्थाचा नसतो. बहुधा जंतुसंसर्गानंतर लहान आतड्याचे अस्तर बिघडते आणि अन्नातील सत्त्व शोषून घेण्याची त्याची शक्ती क्षीण होते.

घरातल्या माणसांना हे तीनही प्रकार सारखेच भासू शकतात. खाल्लेले सोसत नाही, एवढेच त्यांना दिसते. म्हणून रुग्णाचा एकेक पदार्थ तोडला जातो. ॲलर्जीत आणि सीलियाक रोगात अपायकारक पदार्थ टाळणे हाच खरा मार्ग आहे. संग्रहणीत मात्र पदार्थ टाळून भागत नाही. शरीराला जे कमी पडते आहे, ते त्याला द्यावे लागते. नेमके काय कमी पडते, हे पुरुषोत्तम आजारी होते तेव्हा जगात कोणालाच ठाऊक नव्हते.

सातासमुद्रापलीकडे

उष्ण प्रदेशातील रोगांचे उच्च शिक्षण अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात मिळते, असे सुब्बाराव यांना समजले. त्यांनी तेथे जाण्याचा निश्चय केला. एका धर्मादाय संस्थेने आणि सासऱ्यांनी प्रवासखर्चाची तजवीज केली. तीन वर्षांत परत येईन, असे पत्नीला सांगून ते निघाले. २६ ऑक्टोबर १९२२ रोजी ते बोस्टन शहरात पोहोचले. त्यांच्या मागे मद्रास इलाख्यात शेषगिरी यांना मुलगा झाला. परंतु ते मूल वर्षाचेही झाले नाही, तोच एका संसर्गाने दगावले. पित्याला पुत्रमुख पाहायला मिळाले नाही. नियतीची क्रूरता अशी, की पतिपत्नींची पुन्हा भेटही झाली नाही.

बोस्टनमध्ये प्रवेश मिळाला, तरी पोटापाण्याची सोय नव्हती. मद्रासची वैद्यकीय पदवी तेथे डॉक्टरकी करण्यास पुरेशी नव्हती. तेव्हा सुब्बाराव यांनी एका रुग्णालयात रात्रपाळीच्या हमालाचे काम पत्करले. रुग्णांची मलमूत्राची भांडी उचलणे आणि धुणे, हे त्या कामाचे स्वरूप होते. दिवसा अभ्यास आणि रात्री ही सेवा, असा क्रम सुरू झाला. संन्यासी होऊन सेवा करण्याची इच्छा बाळगणाऱ्या तरुणाला सेवेचे हे रूपही परके वाटले नसावे. १९२४ मध्ये त्यांनी उष्णकटिबंधीय रोगांची पदविका मिळवली आणि त्यानंतर हार्वर्डच्याच जीवरसायनशास्त्र विभागात सायरस फिस्के यांच्या हाताखाली ते संशोधन करू लागले.

अन्नाची शक्ती कोठे साठते?

रक्तातील आणि मूत्रातील फॉस्फरसचे प्रमाण मोजण्याची सोपी व बिनचूक रीत त्या काळी उपलब्ध नव्हती. फिस्के आणि सुब्बाराव यांनी ती शोधून १९२५ मध्ये प्रसिद्ध केली. द्रवात ठराविक रसायने मिसळली की निळा रंग येतो आणि रंगाच्या गडदपणावरून फॉस्फरस किती आहे ते कळते. ही रीत फिस्के–सुब्बाराव पद्धती या नावाने जगभरच्या प्रयोगशाळांत रूढ झाली.

या मापनाच्या आधारे त्यांनी स्नायूंचा अभ्यास हाती घेतला. १९२७ मध्ये त्यांनी स्नायूंतील फॉस्फोक्रिएटिन या द्रव्याचा शोध जाहीर केला. १९२९ मध्ये ॲडिनोसिन ट्रायफॉस्फेट, म्हणजे एटीपी, हे द्रव्य त्यांनी वेगळे केले. त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लोमान यांनीही स्वतंत्रपणे तोच शोध लावला. आपण भाकरी खातो, भात खातो. त्यातून मिळणारी ऊर्जा शरीरातील पेशी एटीपीच्या रूपाने वापरतात. हात उचलणे, हृदयाचे ठोके पडणे, मेंदूने विचार करणे, या सर्वांचा खर्च याच चलनात चुकता होतो. अन्न अंगी लागते म्हणजे काय होते, या प्रश्नाचे अर्धे उत्तर सुब्बाराव यांच्या हाती आले होते.

१९३० मध्ये त्यांना हार्वर्डची पीएच. डी. मिळाली. कीर्ती मात्र मिळाली नाही. स्वभावाने ते संकोची होते. आपल्या कामाचा गाजावाजा करणे त्यांना जमत नसे. विद्यापीठात कायमचे पदही त्यांच्या वाट्याला आले नाही.

यकृतापासून पालकापर्यंत

प्रश्नाच्या उरलेल्या अर्ध्या भागाचा शोध यकृतापासून सुरू झाला. १९२६ मध्ये मायनॉट आणि मर्फी या अमेरिकन डॉक्टरांनी दाखवून दिले होते, की एका प्राणघातक पंडुरोगाचे रुग्ण यकृत खाऊ घातल्याने जगतात. यकृतात रक्त वाढवणारे काहीतरी होते. परंतु ते काय आहे, हे कळत नव्हते. सुब्बाराव यांनी यकृताच्या अर्कातून ते द्रव्य निराळे काढण्याचा ध्यास घेतला.

या कोड्याचा एक महत्त्वाचा दुवा आपल्या मुंबईत सापडला होता. लूसी विल्स या इंग्रज डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईला आल्या. कापड गिरण्यांतील गरीब कामगार स्त्रियांना गरोदरपणी तीव्र पंडुरोग होई आणि त्यात अनेकींचा अंत होई. विल्स यांनी त्यांच्या आहाराचा अभ्यास केला. यीस्टचा स्वस्त अर्क दिल्याने त्या स्त्रिया झपाट्याने सुधारतात, असे त्यांना आढळले. १९३१ मध्ये त्यांनी हे जाहीर केले. यीस्टमधील या अज्ञात द्रव्याला पुढे विल्स यांचेच नाव देण्यात आले. परळ–लालबागच्या चाळींत राहणाऱ्या अनाम स्त्रियांचे दुःख अशा रीतीने जगाच्या विज्ञानाला वाट दाखवून गेले.

१९४० मध्ये सुब्बाराव हार्वर्ड सोडून न्यूयॉर्कजवळच्या पर्ल रिव्हर येथील लेडर्ली प्रयोगशाळेत दाखल झाले. लवकरच तेथील संशोधनाची सर्व सूत्रे त्यांच्याकडे आली. आता त्यांच्याभोवती निरनिराळ्या शाखांतील शास्त्रज्ञांचा मोठा ताफा होता. त्यांच्या कामाची पद्धत अशी होती : एका विशिष्ट जातीचे जिवाणू ते अज्ञात द्रव्य मिळाले तरच वाढत. यकृताचा किंवा यीस्टचा अर्क पायरीपायरीने शुद्ध करायचा आणि प्रत्येक पायरीवर तो त्या जिवाणूंना देऊन पाहायचा. जिवाणू वाढले, तर द्रव्य या भागात आहे. वाढले नाहीत, तर ते फेकून दिलेल्या भागात गेले. ढिगाऱ्यातून सुई शोधावी, तसे हे काम होते.

१९४१ मध्ये टेक्सास येथील शास्त्रज्ञांनी चार टन पालकाच्या पानांतून अशाच गुणाचे द्रव्य मिळवले. पानांतून लाभले म्हणून लॅटिन भाषेतील पानाच्या शब्दावरून त्याचे नाव फॉलिक आम्ल ठेवले गेले. १९४३ मध्ये लेडर्लीतील स्टोकस्टॅड यांनी यकृतातून त्याचे शुद्ध स्फटिक काढले. सुब्बाराव यांच्या मार्गदर्शनाखालील चमूने त्याची रचना उलगडली आणि १९४५ मध्ये ते प्रयोगशाळेत कृत्रिम रीतीने तयार केले. जे द्रव्य यकृताच्या आणि पालकाच्या ढिगाऱ्यांतून चिमूटभर मिळत होते, ते आता हवे तितके बनवता येऊ लागले.

या औषधाची पहिली परीक्षा जेथे झाली, ती हकीकत विशेष आहे. टॉम स्पाईज या अमेरिकन डॉक्टरांनी अमेरिकेत, क्यूबात आणि पोर्तो रिको बेटावर संग्रहणीच्या व पंडुरोगाच्या रुग्णांना फॉलिक आम्ल दिले. काही दिवसांतच रुग्णांची जीभ बरी झाली, भूक परतली, नवे रक्त तयार होऊ लागले आणि वजन वाढू लागले. ज्या रोगाने पुरुषोत्तम यांचा बळी घेतला, त्यावर अखेर औषध सापडले होते. भावाच्या मृत्यूनंतर सुमारे पंचवीस वर्षांनी, हजारो मैल दूर असलेल्या त्याच्या धाकट्या भावाच्या प्रयोगशाळेतून ते बाहेर पडले.

तथापि, सुब्बाराव ज्या पंडुरोगामागे लागले होते, त्याचे पूर्ण उत्तर हे नव्हते. त्या रोगात फॉलिक आम्लाने रक्त सुधारे. पण मज्जातंतूंची हानी थांबत नसे. त्याचे खरे औषध ब-१२ जीवनसत्त्व होय. ते १९४८ मध्ये इतर शास्त्रज्ञांनी मिळवले. एका शोधासाठी निघालेल्या माणसाला वाटेत दुसराच शोध लागावा, असे विज्ञानात पुष्कळदा घडते.

आणखी काही देणग्या

फॉलिक आम्लाने पेशींची वाढ होते, तर त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या पण त्याच्या कार्याला अडवणाऱ्या द्रव्याने बेसुमार वाढणाऱ्या पेशी थोपवता येतील काय? या विचारातून सुब्बाराव यांच्या चमूने काही नवी द्रव्ये तयार केली. बोस्टनमधील डॉ. सिडनी फार्बर यांनी ती रक्ताच्या कर्करोगाने पछाडलेल्या लहान मुलांना दिली. १९४८ मध्ये त्यांनी जाहीर केले, की कित्येक मुलांचा रोग काही काळ मागे हटला. कर्करोगावरील औषधोपचारांच्या इतिहासातील हे पहिल्या पावलांपैकी एक होते. याच कुळातील मेथोट्रेक्सेट हे औषध आजही कर्करोगावर आणि संधिवातावर वापरले जाते.

हत्तीरोगावरील हेट्राझान हे औषध १९४७ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेतून आले. मद्रासच्या किनारपट्टीवर हत्तीरोग जुनाच होता. या रोगाचे सूक्ष्म कृमी रक्तात असता काही थोड्या लोकांची संरक्षण यंत्रणा त्यांच्याविरुद्ध अतिरेकी प्रतिक्रिया देते. रात्री खोकल्याची उबळ येते, छातीत घरघर होते आणि दमा झाल्यासारखे वाटते. हाही ॲलर्जीचाच एक प्रकार आहे, आणि त्यावरही हेच औषध लागू पडते असे पुढे दिसून आले.

ऑरिओमायसिन हे सोनेरी रंगाचे प्रतिजैविक १९४८ मध्ये जगापुढे आले. ते मातीतील एका सूक्ष्मजीवापासून बेंजामिन डग्गर या वृद्ध वनस्पतिशास्त्रज्ञांनी सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेत शोधले. पेनिसिलिनला दाद न देणारे कित्येक रोगजंतू याने नष्ट होत. ज्यांना पेनिसिलिनची ॲलर्जी असे, त्यांनाही टेट्रासायक्लिन या गटातील औषधांनी मोठा आधार दिला. ऑरिओमायसिन हे त्या गटातील पहिले औषध होय.

अखेर आणि वारसा

ऑरिओमायसिनची घोषणा झाली त्याच उन्हाळ्यात, ऑगस्ट १९४८ मध्ये, सुब्बाराव यांचे झोपेतच हृदयक्रिया बंद पडून निधन झाले. त्यांचे वय अवघे त्रेपन्न वर्षांचे होते. सव्वीस वर्षांच्या वास्तव्यात त्यांनी अमेरिकेचे नागरिकत्व घेतले नाही; पण मायदेशीही त्यांना परतता आले नाही. तीन वर्षांची वाट पाहायला सांगितलेल्या शेषगिरी यांची प्रतीक्षा अशी संपली. या थोर शोधांचे मोल मोजताना त्या एकाकी स्त्रीच्या आयुष्याचाही हिशेब धरला पाहिजे. मायदेशात सुब्बाराव यांचे नाव फारसे कोणाला ठाऊक नव्हते. १९९५ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त भारताच्या टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.

संग्रहणीची गोष्ट मात्र त्यांच्या निधनानंतरही पुढे चालू राहिली. चेन्नईपासून जवळच असलेल्या वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांनी १९६० नंतरच्या काळात आसपासच्या खेड्यांत पसरलेल्या या रोगाच्या साथींचा कसून अभ्यास केला. आज संग्रहणीवर जो उपचार दिला जातो, त्याची मुख्य अंगे दोन आहेत : फॉलिक आम्ल आणि टेट्रासायक्लिन गटातील प्रतिजैविक. त्यांच्या जोडीला गरजेनुसार ब-१२ जीवनसत्त्व देतात. फॉलिक आम्ल सुब्बाराव यांच्या चमूने बनवले आणि टेट्रासायक्लिन गटातील पहिले औषधही त्यांच्याच प्रयोगशाळेत जन्मले. मद्रासमध्ये ज्या भावासाठी काहीच करता आले नाही, त्याच्या रोगावरील दोन्ही औषधांचे मूळ असे एकाच घरात सापडते.

फॉलिक आम्ल आज आपल्याही घरात आहे. गरोदर स्त्रियांना आरोग्य केंद्रातून लोह आणि फॉलिक आम्लाच्या गोळ्या दिल्या जातात. त्यांनी पंडुरोग टळतो. गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक आम्ल घेतल्यास बाळाच्या मेंदूतील व पाठीच्या कण्यातील काही जन्मजात दोषही बऱ्याच अंशी टाळता येतात, हे १९९१ मध्ये सिद्ध झाले. गिरणगावातील स्त्रियांपासून निघालेला धागा अशा रीतीने पुन्हा स्त्रियांपर्यंत येऊन पोहोचला.

सुब्बाराव यांच्या जीवनातून आणखी एक बोध मिळतो. अन्न सोसत नाही, असे दिसताच घरच्या घरी एकेक पदार्थ बंद करत जाणे धोक्याचे असते. काय टाळायचे आणि काय द्यायचे, हे आधी ठरवले पाहिजे, आणि ते काम डॉक्टरांच्या तपासणीनेच होते. ज्याला एखाद्या पदार्थाची तीव्र ॲलर्जी आहे, त्याने ती शेजारीपाजारी, शाळेत आणि कामाच्या ठिकाणी सांगून ठेवावी. बाहेरचा पदार्थ घेताना वेष्टनावरील मजकूर वाचावा. शेंगदाणे, दूध, अंडी, मासे, गहू यांसारख्या ॲलर्जीकारक घटकांचा उल्लेख तेथे करणे नियमाने बंधनकारक आहे. खाल्ल्यावर ओठ किंवा जीभ सुजली, श्वास लागला अथवा भोवळ आली, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. अशा वेळी ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन हाच पहिला उपचार असतो आणि त्याला होणारा उशीर जिवावर बेतू शकतो. अक्षरओळख असलेला एक माणूस घरात असला, तर वेष्टनावरचे दोन शब्द वाचून तो एखाद्याचा प्राण वाचवू शकतो.

दोनदा नापास झालेला, हमाली करून शिकलेला, भावाच्या मरणाने अस्वस्थ झालेला हा माणूस जगाला इतके देऊन गेला. त्यांचे नाव आपल्याला ठाऊक नसले, तरी त्यांच्या कामाचा लाभ आपल्यापैकी अनेकांना झालेला आहे. खाल्लेले अन्न प्रत्येकाच्या अंगी लागावे, यासाठी ते झिजले.

स्वाध्याय

१. सुब्बाराव यांना घरातून पळून काशीला का जायचे होते?
२. ॲलर्जी आणि संग्रहणी यांतील फरक तुमच्या शब्दांत लिहा.
३. मुंबईतील गिरणी कामगार स्त्रियांचा फॉलिक आम्लाच्या शोधाशी कोणता संबंध होता?
४. 'अन्न अंगी लागणे', 'वावडे असणे', 'दाद न देणे' या वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
५. तुमच्या घरात किंवा परिसरात कोणाला एखादा पदार्थ सोसत नाही काय? त्यांच्याशी बोलून ते कोणती काळजी घेतात, याविषयी दहा ओळी लिहा.